लेव्हलमामाने उखडलेलं अंगण

आमच्या मामाने अख्ख्या आयुष्यात स्वतः बसवलेला एकही ब्लॉक कधी परत काढला नव्हता. त्याच्या धंद्यात काढणं म्हणजे नाचक्की. काढावं लागलं म्हणजे घालताना चुकलं, असा सरळ हिशोब.

मामा ब्लॉक बसवतो. फूटपाथ, बंगल्यांची अंगणं, दुकानांपुढची मोकळी जागा, गाड्या लावायच्या जागा, जिथे म्हणून माती दिसेल तिथे तो सिमेंटचे ब्लॉक बसवून देतो. अर्धं शहर मीच झाकलंय, असं तो म्हणतो. मामी म्हणते, उरलेलं अर्धं गप्पांनी झाकलंय.

त्याला सगळे लेव्हलमामा म्हणतात. लेव्हलची ती पिवळी पट्टी, बुडबुडावाली, कायम त्याच्या मागच्या खिशात असते. कुणाच्या घरी गेला की आधी भिंतीवरची तसबीर सरळ करतो, मग बसतो. एकदा डॉक्टर त्याची नाडी बघायला थांबले होते आणि हा खाली वाकून त्यांच्या डुगडुगत्या टेबलाखाली कागदाची घडी सारत होता.

मी त्याची भाची. शाळा मला जमली नाही, म्हणून सोडली. तेव्हा सगळ्यांनी माझं डोकं खाल्लं. मामाने एवढंच विचारलं, "स्कूटर येते का चालवायला?" तेव्हापासून मी मामा-मामीकडेच राहते आणि दिवसभर शहरात पार्सलं पोचवत फिरते. मामाबद्दल कुणी वाकडं बोललं तर त्याची माझ्याशी गाठ आहे. पुढे मी स्वतः थोडं वाकडं सांगणार आहे. ते मला चालतं.

तर आमच्या दोन खोल्या खालच्या मजल्यावर, समोर अंगण. अंगण तीन घरांचं मिळून. आमचं, वर राहणाऱ्या शिवणवाल्या काकूंचं आणि शेजारच्या टेम्पोवाल्याचं. आधी तिथे नुसती माती होती. मामीच्या खिडकीखाली जास्वंद आणि काहीबाही हिरवं, मधे गवताचे पुंजके, आणि नळाजवळ कायमचा चिखल. त्या चिखलावरून मामीने मामाचं डोकं किती वर्षं खाल्लं असेल, विचारू नका. "लोकांची अंगणं आरशासारखी करता, आणि आपल्या दारात डुकरं लोळतील असा चिखल. मी काय रोज तुमच्या पायांच्या मागे फडकं घेऊन फिरायचं का?"

मामाने मनावर घेतलं. ठिकठिकाणच्या कामांवर उरलेले राखाडी आणि लाल ब्लॉक गोळा केले आणि सुट्टीच्या दिवशी एकटा बसून अंगण झाकायला लागला. नुसतं झाकलं नाही, नक्षी काढली. मधोमध लाल चौकोन, त्याला राखाडी किनार. आणि सांधे भरले स्वतःच्या पद्धतीने. बाकीचे लोक दोन ब्लॉकच्या फटीत वाळू भरतात. मामा वाळूवर सिमेंटचं पातळ पाणी ओततो आणि रबरी पट्टीने फिरवून गच्च करतो. गवताची काडी वर येत नाही, मुंगीला वाट मिळत नाही, पाण्याचा थेंब खाली जात नाही. "माझ्या सांध्यात सुई घालून दाखवा," असं तो गिऱ्हाइकाला सांगतो आणि खरंच खिशातून सुई काढून देतो.

ते अंगण बघायला लोक आले होते, खोटं सांगत नाही. टेम्पोवाला म्हणाला, "मामा, इथे लग्न लावता येईल." मामीने अनवाणी एक फेरी मारली. तिला बोलता येत नाही तेव्हा ती पदराने कोरडाच चेहरा पुसते. तो पुसला. मामा त्यानंतर आठवडाभर शीळ घालत होता.

मग उन्हाळा आला.

दुपारी सगळीकडेच तापतं, त्याचं काही नाही. आमचं दुखणं संध्याकाळपासून सुरू व्हायचं. ऊन कलायचं, रस्त्यावर लोक शर्टाची बटणं लावायला लागायचे, आणि आमच्या अंगणातून मात्र धग यायची. दार उघडलं की चुलीचं तोंड उघडल्यासारखं. पहाटेपर्यंत भिंती कोमट. मामीची जास्वंद गेली होतीच. तिने कुंड्या आणून खिडकीखाली मांडल्या, तर त्या खालून शेकून वाळल्या. अंगणात एक भाडेकरू आणखी होता, आमचा बोका. दुसऱ्यांची कामं चालू असली की समोर बसून बघायचा म्हणून त्याचं नाव मुकादम. तोही घर सोडून कुठे निघून गेला.

मामी खिडकीत बसून शिवणवाल्या काकूंसाठी काज-बटण करते. घामाने बोटांतली सुई सटकायला लागली. पांढऱ्या सदऱ्यांवर बोटांचे डाग पडायला लागले. काकू वरून म्हणाल्या, "अगं, थोडे दिवस राहू दे, मी दुसरीकडून करून घेते." मामी हो म्हणाली आणि खोलीत जाऊन रिकामी सुई उशीत टोचत बसली. तिचा रक्तदाब आधीच वरखाली. एक दिवस मोरीजवळ चक्कर येऊन पडली. मी पार्सल टाकून धावत आले तर मामा तिचं डोकं मांडीवर घेऊन वर्तमानपत्राने वारा घालत होता आणि पंखा कसा गरम हवाच फेकतोय यावर पंख्याला शिव्या देत होता.

डॉक्टर म्हणाले, "यांना गार जागी ठेवा. अशा झोपल्या नाहीत तर पुढच्या वेळी मोरीजवळ पडण्यावर भागणार नाही."

मामीची धाकटी बहीण शहराच्या टोकाला राहते. तिथे रोपवाटिका आहे, ती तिथेच कामाला जाते. मी मामीला स्कूटरवर मागे बसवून निघाले. मला रोजचंच होतं, तिला नवीन होतं. बाजारातून जाताना डांबर आणि गाड्यांचे पत्रे, हेल्मेटमधे डोकं उकडून निघतं. मग मैदानाजवळून वळलं की गालाला जरा बरं वाटतं. पुन्हा नवीन इमारती लागल्या की गरम. आणि रोपवाटिकेचा रस्ता लागला की कुणीतरी ओलं फडकं झटकल्यासारखी हवा येते. एकच शहर, एकच संध्याकाळ. मामी माझ्या कानाशी म्हणाली, "अगं, इथे हवा वेगळीच आहे."

बहिणीने तिला बाहेर ओट्यावर खुर्ची दिली. मी विचारलं, इथे असं गार कसं? ती म्हणाली, "मातीला घाम येतो गं. झाडाला येतो. घाम आला की अंग निवतं, माणसाचं निवतं तसंच. तुमच्या सिमेंटला येत नाही. ते नुसतं दिवसभर ऊन खातं आणि रात्रभर ओकतं."

निघताना मामीने मला सांगितलं, "त्यांना सांग, घर निवलं की न्यायला या. तोवर मी काही येत नाही. मला मरायची घाई नाही." मग जरा थांबून, "आणि त्यांच्या गोळ्या कपाटात वरच्या फळीवर आहेत. ते शोधत बसतील."

मामाचं त्यानंतर पार गाडं बिघडलं. रोज संध्याकाळी फोन करायचा. "जेवलीस का?" "हो." "बरं." मग दोघंही फोन धरून गप्प. मामाला गप्पा मारायला अख्खं जग लागतं आणि बायकोशी बोलायला तीन शब्द पुरतात. तेही तिच्यासमोर असताना. फोनवर त्याला काहीच येईना.

पण हात स्वस्थ बसणारे नाहीत. मामाला एकच इलाज येतो, असलेल्यावर अजून एक थर द्यायचा. आधी त्याने अंगणाला चुना फासला. पांढरं केलं की ऊन परत जातं, असं कुणीतरी सांगितलं होतं. सांगणारा चुकला नव्हता. पहिल्या दिवशी जरा फरक पडला. पण उजेड इतका डोळ्यांत जायचा की काकू वर मशीनवर गॉगल लावून बसल्या. दोन दिवसांत टेम्पोच्या चाकांनी आणि आमच्या चपलांनी सगळं काळं. टेम्पोवाला म्हणाला, "मामा, माझा टेम्पो पांढऱ्या पायांनी फिरतोय, गिऱ्हाईक हसतं."

मग पाणी. मामा संध्याकाळी बादल्या ओतायचा. ब्लॉकवरून चर्र आवाज, आणि वाफ थेट घरात. पाणी टिकेल तर ना. उतार मामाने काढलेला. त्याच्या उतारावर पाणी थांबत नाही, सुतासारखं सरळ गटारात. पहिल्यांदाच मी मामाला स्वतःच्या उताराकडे रागाने बघताना पाहिलं.

त्यानंतर वरून पत्रा टाकायचं ठरत होतं, तेवढ्यात नळाची पाइप फुटली. बरोबर मामीच्या खिडकीखाली, जमिनीत.

नळवाला आला. पहार घातली, निघेना. छिन्नी घातली, निघेना. घाम पुसत म्हणाला, "मामा, हे ब्लॉक आहेत का दाढा?"

"सांधा बघून काढ. तोडू नकोस."

"सांधा असेल तर बघीन ना."

शेवटी त्याने फोडूनच काढले. मामा प्रत्येक घावाला स्वतःच्या बोटावर पडल्यासारखा हात मागे घ्यायचा. पाइप जोडून झाली, खड्डा मातीने भरला आणि नळवाला म्हणाला, "थोडे दिवस माती बसू दे, मग झाका. लगेच झाकलं तर खचेल." एका चटईएवढी जागा उघडी राहिली. त्या नक्षीत ती इतकी घाण दिसत होती की मामा येता-जाता तिच्याकडे पाठ करायचा.

दुसऱ्या दिवशी मुकादम परत आला. सरळ चालत येऊन त्या ओल्या मातीवर वळकटी करून झोपला. मामाने त्याला हुसकलं. तो गेला, आणि मामा चहा घेईपर्यंत परत तिथेच. मामाने चप्पल उगारली. मुकादमने एक डोळा उघडला, बंद केला.

"याला अख्खं अंगण मोकळं आहे," मामा म्हणाला, "आणि याला तीच एक जागा सापडली."

संध्याकाळी मी आले तेव्हा मामा त्या मातीपाशी गुडघ्यांवर बसला होता. माती बसली का ते दाबून बघत होता, असं तो म्हणतो. एक हात मातीवर, तोल सावरायला दुसरा ब्लॉकवर. तसाच बसलेला. मला म्हणाला, "हात लाव."

मी लावला. ब्लॉक उतरवून ठेवलेल्या तव्यासारखा. माती, म्हणजे अगदी फ्रीज नव्हे, पण आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावासा वाटेल अशी गार.

मी तोंडाला कुलूप लावणारी नाही. मी म्हणाले, "मामा, तू अंगणाला झाकण बसवलंयस. खालून वाफ बाहेर येत नाही, वरून पाणी आत जात नाही. मातीला घाम येतो, मामीची बहीण सांगत होती. तू तिची सगळी भोकं सिमेंटने बुजवलीस. सुई जाणार नाही इतकी."

मामाने हात झटकले, उठला, जेवला नाही. दिवा मालवल्यावर अंधारात म्हणाला, "तिनेच सांगितलं होतं ना गं, चिखल नको म्हणून?"

"हो. तिनेच."

"मग मी तिच्यासाठीच केलं."

"हो रे मामा. कुणी नाही म्हणतंय?"

सकाळी तो खडू घेऊन अंगणात वाकला होता. टेम्पोच्या चाकांसाठी दोन पट्टे ठेवायचे, दारापर्यंत एक पायवाट ठेवायची, बाकी सगळं काढायचं. पण अंगण तिघांचं. काकू जिन्यावरूनच म्हणाल्या, "काढा बाई. माझ्या काज-बटणवालीशिवाय माझं अडलंय. दुसरीकडचे काज म्हणजे उंदराने कुरतडल्यासारखे."

टेम्पोवाला मात्र फिरला. "वा. आधी झाकलं, आता उखडणार. पहिला पाऊस पडला की माझा टेम्पो रुतला, मग ढकलायला कोण, बोका?"

"पट्टे ठेवतोय ना," मामा म्हणाला.

"पट्ट्यांवरून चाक घसरलं की?"

मी म्हणाले, "घसरायला चालवणारा तसा लागतो. तुम्ही तर सरळ रस्त्यावर खांबाला धडकता."

"तू गप गं." आणि मग मामाकडे बघून हसत, "लेव्हलमामा, विचार कर. स्वतःचं काम स्वतः फोडलेलं लोकांनी पाहिलं तर उद्या ब्लॉक बसवायला कोण बोलावणार तुला? म्हणतील, यालाच याच्या कामाचा भरवसा नाही."

हे लागणारच होतं आणि लागलं. मी पुढे सरसावले होते. मामाने माझं मनगट धरलं. "म्हणतील म्हातारा चुकला," तो म्हणाला. "म्हणू देत. चुकलाय. माझी बायको तिकडे बहिणीच्या ओट्यावर बसलीय आणि मी इथे सांध्यांची शोभा बघत बसू?"

टेम्पोवाला जरा वरमला. पण हट्टी. म्हणाला, "तुझ्या खिडकीपासून गटारापर्यंत काय करायचं ते कर. माझ्या दारापुढचं हलवायचं नाही." म्हणजे अर्धंच. मामा म्हणाला, अर्धं तर अर्धं.

काढणं किती कठीण असतं ते तेव्हा कळलं. मामाला घालायचं कसं ते झोपेतही येतं. काढायचं कसं ते येतच नव्हतं, कधी केलंच नव्हतं. ब्लॉक सुटा निघायचाच नाही. शेजारच्या दोघांना घेऊन निघायचा किंवा तुकडे होऊन. मी पहार धरायला गेले तर मला बाजूला केलं. "माझं आहे, मीच काढणार." दुपारी तो सावलीत बसला तेव्हा हातांना फोड आले होते. ब्लॉक बसवून कधी आले नव्हते. लाल चौकोनाशी पोचल्यावर मामाने एका ब्लॉकवर थाप मारली आणि त्याला म्हणाला, "काय रे, इतका घट्ट कशाला बसलास?"

तेवढ्यात टेम्पोवाला आला. न बोलता टेम्पोचा जॅक खाली ठेवला, कडेच्या फटीत सारला आणि दांडा फिरवायला लागला. चार ब्लॉकचा तुकडा कण्हत वर आला. "रविवारी झोपू देत नाहीत," तो मला म्हणाला. "ठोकाठोक." संध्याकाळपर्यंत तोच जॅक फिरवत होता. स्वतःच्या दारापुढचं मात्र शेवटपर्यंत हलवू दिलं नाही, आणि आजही तिथे ब्लॉकच आहेत.

खालची माती मामाने नखाने उकरून बघितली. राखेसारखी पांढुरकी, दगडासारखी. गांडूळ नाही, मुळी नाही. स्वतःच धुमस मारून मारून दाबलेली. ती कुदळीने फोडावी लागली, मग पाणी, मग परत फोडणं. मी रोपवाटिकेतून पोती भरून पालापाचोळ्याचं खत आणलं, पायांत पोतं ठेवून स्कूटर चालवली. मामीच्या बहिणीने जास्वंदीच्या फांद्या दिल्या, गवताच्या गड्ड्या दिल्या. मामीला काही सांगू नकोस म्हणून मामाने मला बजावलं होतं. मी नाही सांगितलं. फांद्या कुणासाठी चालल्यात हे न कळायला मामी काय दूधखुळी आहे?

आणि घर एकदम गार झालं, असं मी म्हणणार नाही. समोर डांबरी रस्ता आहे, पलीकडे नवी इमारत, तिच्या खाली गाड्यांची जागा. ती मामानेच झाकलेली. तिकडची झळ येतेच. अर्ध्या अंगणाने शहर निवत नाही. पण मामीच्या खिडकीतून येणारी हवा बदलली. दिवेलागणीला मातीवर पाणी मारलं की ते गटाराकडे पळत नाही, तिथेच मुरतं, आणि मग खिडकीचा गजसुद्धा हाताला गार लागतो. मामा रोज गज धरून बघायचा. एक दिवस बघितलं आणि मला म्हणाला, "स्कूटर काढ."

जाताना आम्ही दोघं, येताना मामी माझ्यामागे आणि मामा बसने. ती संध्याकाळी अंगणात उतरली, पिशवी हातातच. चपला काढल्या. एक पाय ब्लॉकच्या पायवाटेवर ठेवला, एक मातीवर, आणि तशीच उभी राहिली. तिच्या पायाशी मुकादम झोपला होता. तो हलला नाही.

तोवर मामा पोचला. फाटकातच थांबला. शाळेत निकालाच्या दिवशी मी उभी राहायचे तसा.

मामीने पायवाटेकडे बघितलं. तुकडे झालेल्या ब्लॉकची केलेली, कड कुठे आत, कुठे बाहेर. "अहो," ती म्हणाली, "हे वाकडं झालंय."

मला वाटलं आता खिशातून लेव्हल निघणार.

"राहू दे," मामा म्हणाला.

मामीने पदराने कोरडा चेहरा पुसला आणि पिशवी माझ्या हातात दिली. "आत नेऊन ठेव. आणि काकूंना सांग, उद्या सदरे पाठवा."

मी पिशवी घेऊन आत शिरले. दोन पावलंही टाकली नसतील, मागून आवाज आला, "अगं ए, मातीचे पाय घेऊन कुठे चाललीस घरात? मी काय फडकं घेऊन तुमच्या मागे फिरायचं का?"

अंगणात मामा शीळ घालायला लागला.